पेट्रोल वाचवणारा लाल स्विच

सोलापुरात मोटारसायकल सगळेच चालवतात. पण मोटारसायकल म्हणजे काय, हे कळणारा माणूस या शहरात एकच आहे आणि तो भवानी पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहतो. नाव शिवयोगी. म्हणजे मीच! दिवसभर मी टॉवेलच्या कारखान्यात पार्सलांवर पत्ते चिकटवतो, ही गोष्ट वेगळी. मनाने मी रायडर आहे.

गाडी घेतली तीही साधीसुधी नाही. उंच, पुढे चोच काढलेली, डोंगरदऱ्यांतून जाणारी! सोलापूरच्या आसपास डोंगर कुठे आहे, असला क्षुद्र प्रश्न बायकोने विचारला होता. मी दुर्लक्ष केलं. शेवटी पूनम तयार झाली, पण एका अटीवर.

"गाडीला एबीएस पायजे," ती म्हणाली. "ब्रेक कितीबी जोरात मारला तरी चाक जाम होत न्हाई, गाडी घसरत न्हाई. आन् ऐका, त्यात काही खुडबुड केलेली मला दिसली, तर गाडी त्याच दिवशी अभिमन्यूला!"

अभिमन्यू म्हणजे तिचा भाऊ. मंगळवेढ्याला असतो. आला की गाडीभोवती एक फेरी मारतो, सीट दाबून बघतो आणि विचारतो, "दाजी, हिला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बसतील की हो?" डोंगरदऱ्यांसाठी जन्मलेल्या गाडीला दुधाचे कॅन! माझ्या अंगावर काटा यायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक दाढीवाला होता. एबीएस बंद केल्याशिवाय मातीत उतरतो तो रायडरच नव्हे, असं तो सांगायचा आणि मागचं चाक जाम करून, धुरळा उडवत झोकात वळायचा. त्याच्या गाडीला एबीएस बंद करायचं बटण कंपनीनेच दिलेलं. माझ्या गाडीला नव्हतं! हा बाबा काही मातीत जायचा नाही, असं कंपनीने माझ्याकडे बघून परस्पर ठरवलं असणार. हा अपमान मी सहन करणार नव्हतो.

मी गाडी घेऊन गॅरेजवाल्या भारतकडे गेलो.

"कुठल्या मातीत जाणार हाय मालक?" त्याने विचारलं.

"ते नंतर ठरवू. तू आधी स्विच बसव. दाबला की एबीएस बंद झालं पाहिजे."

"एवढंच असंल तर मातीत गेल्यावर फ्यूज काढा की!"

"फ्यूज काढताना कोण बघतंय? स्विच दिसला पाहिजे. लाल बसव!"

भारतने बसवला. स्विच दाबला की एबीएस बंद आणि मीटरवर 'एबीएस' असा पिवळा दिवा चालू. दिवा लागला म्हणजे एबीएस बंद आहे, सांभाळा, असा त्याचा अर्थ. "रस्त्यावर दाबू नका," भारत म्हणाला. "चाक जाम हुईल आन् आडवं व्हाल." मला, रायडरला, हा शिकवणार! मी नुसता हसलो.

घरी येऊन गाडी लावतो न लावतो तोच पूनम खाली आली. या बाईला चष्मा आहे, तो घरी ठेवून आली होती, तरी तिला पहिल्यांदा दिसला तो स्विच!

"हे लाल काय बसवलंय?"

खरं सांगितलं तर दुधाचे कॅन डोळ्यांसमोर दिसत होते. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! म्हणालो, "पेट्रोल वाचतं त्यानं."

पूनम मान डोलावून मागे फिरली. मी जिंकलो! पण वरच्या खिडकीत पेपर वाचत बसलेले आप्पा उठून उभे राहिले. आप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म कापडाच्या गिरणीत गेला. देवापुढचा दिवा सोडला तर घरात काहीही चालू दिसलं की ते आधी बंद करतात. 'वाचतं' हा शब्द त्यांना झोपेतही ऐकू येतो.

"किती वाचतं?" त्यांनी वरून विचारलं.

"बऱ्यापैकी, आप्पा."

"आन् हे तू आत्ता सांगतोस व्हय रं!"

संध्याकाळपर्यंत पेठेत ज्याच्या त्याच्या तोंडी माझा स्विच. दुसऱ्या दिवशी कारखान्यात भारतचा फोन. "मालक, काय सांगून ठेवलंय तुमी? आप्पा माणसं घेऊन आल्यात. सगळ्यांना लाल स्विच पायजे!"

"मग काय केलंस?"

"काय करतो? बसवले की."

"अरे पण जोडलेस कशाला?"

"कशालाच न्हाई! आप्पांना न्हाई म्हणायची माझी काय छाती हाय?"

आता गंमत ऐका. कशालाच न जोडलेल्या त्या स्विचांनी सगळ्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं! पेट्रोल वाचवायचा स्विच दाबला म्हटल्यावर माणसं गाडी सांभाळून चालवायला लागली, उगाच रेस करीनात, सिग्नलला इंजिन बंद करायला लागली. समोरचे निवृत्त मास्तर तर पेढे घेऊन आले. सगळ्या पेठेत एकच गाडी पूर्वीइतकंच पेट्रोल पीत होती. माझी!

"तू दाबतच न्हाईस!" आप्पांनी निदान केलं. तेव्हापासून ते रोज सकाळी दारात उभे राहायचे. स्विच दाबल्याशिवाय गाडी हलू द्यायचे नाहीत. मी मुकाट्याने दाबायचो आणि कोपरा वळलो की सोडायचो. इथवर माझं डोकं शाबूत होतं.

मग सुगी झाली म्हणून सासऱ्यांनी मंगळवेढ्याला जेवायला बोलावलं. मागे पूनम बसली. कोपऱ्यावर मी सवयीप्रमाणे हळूच स्विच सोडला. तोच मागून एक हात आला. टक्!

"विसरलात व्हय? आप्पा सांगतच होते." मीटरवर पिवळा दिवा लागला. पूनम माझ्या खांद्यावरून वाकून बघत एकदम खूश झाली. "बघा! पेट्रोलबी वाचतंय आन् एबीएसबी चालू हाय!"

तिऱ्हे गावाच्या पुढे पुन्हा एकदा सोडून बघितला. पुन्हा टक्! शेवटी मी गाडी बैलगाडीच्या चालीने हाकायला लागलो. या चालीने माझं ॲव्हरेजसुद्धा वाढलं असणार!

हायवे सोडून सासऱ्यांच्या वस्तीकडे वळलो तेव्हा माझी नजर रस्त्यापेक्षा त्या पिवळ्या दिव्यावरच जास्त होती. त्या दिवसांत तिकडचा निम्मा डांबरी रस्ता म्हणजे खळंच असतं. कणसं पसरून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी फुकटात मळणी करायची! वळण घेतलं आणि समोर ज्वारीच ज्वारी, मधोमध फडं घेऊन दाणे लोटणारी एक म्हातारी. मी करकचून ब्रेक मारला.

मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी झाली, धुरळा उडाला, आणि मी, पूनम आणि गाडी असे तिघेही दाण्यांवरून झोकात वळत कडेच्या कडब्याच्या गंजीत शिरलो! खोटं कशाला सांगू, असं घसरणं त्या दाढीवाल्यालाही जमलं नसतं. पण पूनमचा आवाज येईना, तेव्हा मी दोन्ही हातांनी कडबा उपसायला लागलो. रायडर-बियडर सगळं विसरलो.

"पूनम! अगं पूनम!"

"ओरडू नका," गंजीतून आवाज आला. "कानात कडबा गेलाय."

म्हातारी, तिचं नाव अंबुबाई, फडं उगारूनच आली. "आरं, गाड्या वरनं जाव्या म्हणून जवारी टाकलीय, तू लोळतोस व्हय तिच्यात? ते डोळं हायती का बटनं?"

पूनम साडी झटकत गाडीकडे गेली. पिवळा दिवा अजून लागलेलाच! "एबीएस तर चालू हाय," ती म्हणाली. "मग चाक जाम कसं झालं? कंपनीनं फसवलंय आपल्याला! उद्याच्या उद्या शोरूमला जायचं. माझ्यासमोर गाडी उघडायला लावते!"

गाडी उघडली की भारतची वायर निघणार. वायर निघाली की गाडी गेली! त्यापेक्षा आपणच कबूल झालेलं बरं. सासऱ्यांच्या ओसरीवर सगळे जमले होते. सासरे सिद्धराममामा, अभिमन्यू, आणि पडल्याची बातमी कळल्यावर फोनवर आलेले आप्पा. मी उभा राहून सगळं खरं सांगून टाकलं. हा स्विच एबीएस बंद करायचा आहे. दिवा लागतो तेव्हा ते बंद असतं. पेट्रोल थेंबभरही वाचत नाही. चूक माझी आहे. एवढं बोलून मी मान खाली घातली.

सिद्धराममामा खदखदून हसले. "पावणं, पडलं म्हणून लाजू नये. पर गरीब बिचाऱ्या स्विचवर कशाला ढकलताय?"

"खोटं बोलतोय!" फोनमधून आप्पा गरजले. "समद्या पेठेचं ॲव्हरेज वाढलंय. ते काय येडे हायती?"

"मला तसला स्विच द्यायचा न्हाई, असं सरळ सांगा की दाजी!" अभिमन्यू रुसला.

मी सिद्धेश्वराची शपथ घेतली. कुणी ऐकेना! उभ्या जन्मात इतकं सलग खरं मी पहिल्यांदाच बोलत होतो, आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता.

पूनम तेवढी उठली, गाडीजवळ गेली, स्विच दाबून बघितला, सोडून बघितला, पुन्हा दाबला; प्रत्येक वेळी पिवळा दिवा काय करतो ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ज्याला ब्रेक मारता येत न्हाई त्याला एवढी उंच गाडी कशाला? अभिमन्यू, किल्ली घे."

अभिमन्यूने किल्ली नंतर घेतली. आधी दुधाचे कॅन आणले!

परतताना आम्ही मंगळवेढ्याच्या स्टँडवरून सोलापूरच्या एसटीत बसलो. मी खिडकीबाहेर बघत होतो. पूनमने केसांतली कडब्याची काडी काढली, निरखून बघितली आणि अगदी मायेने विचारलं,

"मग? किती पेट्रोल वाचलं आज?"

तिला नेमकं काय काय कळलं होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही!