चार प्रोब आणि एक शिटी

लपलेली वस्तू शोधावी तर ती कप्तानानंच! असं दुसरं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही, पण कप्तान स्वतः येता-जाता म्हणायचा. आठवडाभर विमा कचेरीत लोकांची बोलणी खायची आणि रविवारी जेवण झालं रे झालं की कानांवर हेडफोन चढवून संगणकावरच्या अंतराळात निघायचं, हा त्याचा नेम. त्या खेळातल्या टोळीनं त्याला कप्तान केलं होतं. घरात त्याला कुणी शिपाईही केलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

त्या रविवारी तो आधीच भडकलेला होता. खुंटीवरचा हेडफोन कुणीतरी काढून परत उलटा लावला होता!

"माझ्या हेडफोनला हात कुणी लावला?" तो घर दणाणून सोडत ओरडला.

बायको म्हणाली, "मला त्या टोपल्याची काय हौस!" सासूबाईंनी कानावर हात ठेवले. मुलीनं गाण्याचा रियाज सुरूच ठेवला. सासरेबुवा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते, आणि ते फार मन लावून वाचत होते, असं म्हणूया.

"पुन्हा कुणी हात लावला तर याद राखा!" असं बजावून कप्तान आत गेला आणि त्यानं दार आपटलं.

आता ही प्रोबची भानगड सांगायला हवी. या खेळात अंतराळात जागोजागी गुप्त ठिकाणं असतात, डोळ्यांना न दिसणारी. ती हुडकायला यानातून प्रोब सोडायचे, म्हणजे शोध घेणारे छोटे गोळे. चार बाजूंना चार ठेवायचे, कुणाला सिग्नल जास्त येतो ते बघायचं आणि त्या अंगानं घेरा आवळत न्यायचा. सिग्नल पूर्ण भरला की जागा सापडली! चारांच्या खाली प्रोब चालत नाहीत. कप्तानाचा हा नियम बायकोलाही पाठ होता, बिचारीला.

त्या दिवशी प्रोब सोडतो न सोडतो तोच कप्तानाच्या कानात बारीक शिटी वाजली. कुंईऽऽ!

"सापडलं!" तो माइकमध्ये किंचाळला. "सगळ्यांनी डावीकडच्या कोपऱ्यात चला!"

"पण कप्तान, पडद्यावर तर सिग्नल जेमतेम आहे," टोळीतला एक जण चाचरत म्हणाला.

"पडदा काय बघता? कान उघडा! मला धडधडीत ऐकू येतंय!"

"आम्हाला नाही येत."

"म्हणूनच मी कप्तान आहे आणि तुम्ही नाही!"

सगळी टोळी मुकाट्यानं त्या ओसाड कोपऱ्याकडे वळली. कप्तानाच्या उजव्या कानाला हेडफोन जरा टोचत होता, पण मोहिमेवर निघालेला माणूस असल्या गोष्टींकडे बघतो होय! शिटी वाढत होती. आता शेवटचा घेरा आवळायचा, एवढ्यात दार धाडकन उघडलं.

"अहो, उठा! बाबांचं कानातलं यंत्र हरवलंय!"

"आत्ता?" कप्तानाचा आवाज फाटला. "आत्ताच हरवायचं होतं?"

"मुहूर्त काढून हरवतात का वस्तू? चारला हिचं गाणं आहे! पहिल्यांदा एकटी उभी राहणारे स्टेजवर!"

मागून मुलगी आली. डोळे भरलेले, पण आवाज कडक. "आजोबांनी शिकवलंय मला ते गाणं. त्यांना ऐकू येणार नसेल तर मी गाणार नाही. सांगून ठेवते!"

आता मात्र कप्तान उठला. हेडफोन कानांवरून खाली ओढून गळ्यात लटकवला, वायर उपटली आणि बाह्या सरसावल्या. मुलगी सहा महिने घसा फोडत होती. ते वाया जाऊ देणारा बाप तो नव्हता. शिवाय शोधायचंच असेल तर घरात त्याच्यासारखा माणूस कोण होता?

"शोधलंत कुठे कुठे?" त्यानं दरडावून विचारलं.

"सगळीकडे! उशीखाली, बेसिनपाशी, कपड्यांच्या ढिगात."

"चुकलं! अशी आंधळी धावपळ करून काही सापडत नाही. यंत्र चालू आहे ना?"

"चालू आहे. कशाखाली दाबलं गेलं की बारीक शिटी मारतं."

"शिटी!" कप्तानाचे डोळे चमकले. "म्हणजे सिग्नल आहे! कुणी जागचं हलायचं नाही. तुम्ही सगळे माझे प्रोब!"

"मी कोण?" सासूबाईंनी दचकून विचारलं.

"तुम्ही प्रोब, आई! स्वयंपाकघरात उभ्या राहा. अगं, तू बेडरूममध्ये. बाळ, तू गॅलरीत. आणि चौथा..."

चौथा प्रोब सोफ्यावर बसून सगळ्यांकडे बघून हसत होता.

"त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच चाललंय ना सगळं?" बायको कडाडली.

"चारांच्या खाली चालत नाही! बाबा, तुम्ही न्हाणीघराच्या दारात!"

"काय?" सासरे म्हणाले.

"न्हाणीघर!"

"आत्ताच जाऊन आलो हो."

शेवटी त्यांना दंडाला धरून दारात नेऊन उभं केलं. कप्तान घराच्या मधोमध उभा राहिला. "शांतता! सिग्नल सांगा!"

"माझ्याकडे काही नाही," स्वयंपाकघर म्हणालं.

"माझ्याकडे थोडा येतोय, बाहेरच्या बाजूनं," बेडरूम म्हणाली.

कप्तान झेपावत बेडरूममध्ये गेला. "आता?"

"अगंबाई! आता मोठ्यानं येतोय!"

"बघ! म्हणालो नव्हतो!" त्यानं गादी उलटी केली, कपाट पुढे ओढलं, चादरी भिरकावल्या. काही नाही. शिटी तर येत होती! त्यालाही ऐकू येत होती, पण ती मघाचीच, खेळातली, कानात बसलेली आहे असं त्यानं धरलं होतं. तो तावातावानं स्वयंपाकघरात शिरला.

"जावईबापू, आता इथे वाजतंय!" सासूबाई ओरडल्या.

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"मघाशी नव्हतंच!"

"वस्तू काय चालत येते का, आई?"

"माझ्यावर डोळे वटारू नका! वाजतंय म्हणजे वाजतंय!"

डबे उतरले. पीठ सांडलं. त्यानं ओट्याखालची जाळी उखडली. मग तो फणकारत गॅलरीत गेला, तर मुलगी म्हणाली, "इथे येतोय!" आणि तो कुंड्या उपसायला लागताच बायको आतून ओरडली, "इथला बंद झाला!"

कप्तानाचा पारा चढला तो चढलाच. "एक प्रोब धड नाही या घरात! एक म्हणतो इथे, एक म्हणतो तिथे! माझी टोळी तिकडे माझ्या शब्दावर कोपऱ्यात जाऊन उभी आहे आणि इथे घरची माणसं..."

"घरची माणसं काय?" बायकोनं कमरेवर हात ठेवले. "पुढे बोला ना! घराचा उकिरडा केलात! साडेतीन वाजत आले!"

"तुझ्या बाबांना वस्तू सांभाळता येत नाहीत त्याला मी काय करू?"

"माझ्या बाबांचं नाव काढू नका!"

"भांडू नका!" मुलगी इतक्या जोरात ओरडली की दोघंही गप्प झाले. त्या शांततेत ती कान देऊन ऐकत राहिली. रियाजानं तिचा कान तयार झाला होता. ती एकेक पाऊल टाकत वडिलांपाशी आली, छातीपाशी वाकली, आणि हळूच म्हणाली, "बाबा, शिटी तुमच्या गळ्यातून येतेय."

कप्तानानं हेडफोन हातात घेतला. उजव्या वाटीतल्या फोममध्ये, नीट रुतून, सासऱ्यांचं यंत्र बसलं होतं. कुंईऽऽ!

बायकोनं नुसतं सांडलेल्या पिठाकडे बोट दाखवलं.

मुलीनं यंत्र काढून पुसलं आणि आजोबांच्या कानात बसवलं. तोपर्यंत कप्तानाला कंठ फुटला होता.

"म्हणजे तुम्ही घातला होता माझा हेडफोन?" तो घसा ताणून ओरडला.

"ओरडू नका हो, ऐकू येतंय मला," सासरे म्हणाले. मग ओशाळून पुढे म्हणाले, "दर रविवारी तुम्ही इतकं काय ऐकता ते बघावंसं वाटलं. काढताना अडकलं असेल. विचारून घेतला असता, पण तुम्ही रागावता ना."

पायांखाली पीठ होतं, गॅलरीत माती होती, आणि बायको पर्स उचलत होती. कप्तान गुपचूप बूट घालायला बसला.

मुलगी छान गायली. आजोबा पहिल्या रांगेत मान डोलावत होते आणि कप्तान त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसला होता, कारण खिशातला फोन थरथरत होता. टोळीचा निरोप होता: 'कप्तान, पूर्ण कोपरा पालथा घातला. इथे काहीही नाही. दुसऱ्या टोळीनं उजवीकडे मोठी जागा मारली. तुला ती शिटी नक्की कुठून ऐकू येत होती?'

कप्तानानं शेजारी सासऱ्यांच्या कानाकडे पाहिलं. मग पलीकडे बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती फोनच्या पडद्याकडेच बघत होती.

"सांगा ना त्यांना," ती दात खाऊन पुटपुटली. "कप्तान ना तुम्ही!"