बंद न पडणारा कंप्युटर

"अण्णा, बंद पडनं ह्या मशिनीच्या रक्तातच न्हाई!" कपिलनं छाती फुगवून सांगितलं.

साल सत्त्याण्णव. तासगावच्या द्राक्ष निर्यात संघाचे अध्यक्ष नाथाजीअण्णा त्या कंप्युटरकडे बाजारातली अनोळखी म्हैस बघावी तसे बघत होते.

"लाईट गेली, फोन मेला, तर तुला दोष न्हाई," अण्णा म्हणाले. "पन आजच्या दिवसात तुजा हात ते बंद कराय गेला, की खेळ खलास! चाललं, तर पलूसपास्नं आटपाडीपतुर समदी कामं तुजी."

कपिलला ते काम हवंच होतं. पुण्याची नोकरी त्यानं साहेबाला चार शब्द ऐकवून सोडली होती!

त्यानं बांधणीही तशीच केली होती. बटण दाबलं, की निरोप फोनच्या तारेतून सांगलीच्या ट्रकवाल्याकडच्या कंप्युटरवर जायचा आणि तिकडून द्राक्षं गार ठेवणारी फ्रीजची गाडी निघायची. लाईट गेली तर बॅटरी. बॅटरी दमली तर जनरेटर, तोही आपोआप! फोनच्या लाईनी दोन. सांगलीवाल्यानं बटण दाबून पोच देईपर्यंत निरोप पुन्हा पुन्हा जाणार.

"आवं, एवढं पक्कं करू नगासा," त्याची बायको माया म्हणाली होती. "आपल्यालाच आवरायचं न्हाई." कपिलनं ते हसण्यावारी नेलं.

अण्णांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. निरोप गेला : एक गाडी पाठवा. तासाभरात गाडी दारात! टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबायच्या आत दुसरी आली. मग तिसरी.

"ह्या कुनाच्या रं?" अण्णांनी विचारलं.

"राखीव असत्यात, अण्णा!" कपिलनं ठोकून दिलं आणि पडद्याकडे बघितलं. सांगलीची पोचच आली नव्हती! निरोप जातोय, जातोय, जातोयच! सांगलीला फोन करावा, तर दोन्ही लाईनी कंप्युटरनंच अडवलेल्या. आणि अण्णांच्या देखत बंद करायची सोय नाही.

"मेन स्विच पाड," तो शेजारी उभ्या मायाच्या कानात कुजबुजला. "लाईट गेली म्हणून वीज बोर्डावर ढकलू."

मायानं स्विच पाडला. पंखे थांबले. कंप्युटर बॅटरीवर मजेत चालू! कपिलनं पायानंच बॅटरीची वायर ओढली. क्षणभर पडदा काळा झाला. त्याला हायसं वाटलं, तोच अंगणात जनरेटर धडधडला, पडदा उजळला आणि निरोप पुन्हा सुटला.

"लाईट न्हाई तरी चालू! लय भारी, गड्या!" अण्णांनी मांडीवर थाप मारली.

फोनची तार निसटवली, तर दुसरी लाईन किर्रर्र करून लागली. कपिलला स्वतःच्याच हुशारीचा संताप आला.

तोवर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. एसटी अडकली, तिचा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या घालू लागला. शेवटच्या गाडीतून सांगलीच्या ट्रकवाल्याचा क्लार्क केरबा उतरला.

"सायेब, गाड्या संपल्या. तुमचा फोन लागंना. बाकीच्या मिरजंहून मागवू का?"

"पोचेचं बटन का दाबलं न्हाईस?"

"तुमीच म्हनलासा, मशिनीला हात लावायचा न्हाई! मी चपला बाहेर काढून, हार घालून, लांबनंच वाचत हुतो. जेवढे निरोप, तेवढ्या गाड्या!"

आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कपिल उठला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं कंप्युटर बंद केला.

"अण्णा, हात लावला. चूक माजीच."

अण्णा उठून अंगणात गेले आणि जनरेटरभोवती एक फेरी मारली.

"हे कुनी चालू केलं?"

"आपोआप झालं, अण्णा."

"कुनी हात न लावता?"

"व्हय."

"मग त्या कंप्युटरचं ऱ्हाऊ दे!" अण्णांचे डोळे चमकले. "माज्या हिरीवरच्या मोटरीला असलंच कायतरी बसीव. लाईट आली, की मी घरात बसलेला आन् मोटर आपोआप चालू!"

काम मिळालं, आणि खरोखर पलूसपासून आटपाडीपर्यंत मिळालं. कपिल आता ओळखीच्यांना रुबाबात सांगतो, "आमची यंत्रणा अखंड चालते!" माया मात्र पाहुण्यांना चहा देता देता सरळ सांगून टाकते, "हे व्हय? हिरीवरच्या मोटरी चालू करत्यात."