तळ अकराव्या दिशेला

एका जंगलात, बाळांनो, दोन प्रकारचे नियम होते. जड गोष्टींसाठी हत्तींचे आणि बारीक गोष्टींसाठी पिसवांचे. हत्तींच्या नियमानुसार जो जिथे बसला तो तिथेच बसलेला असे. पिसवांच्या नियमानुसार पिसू एकाच वेळी इथेही असे आणि तिथेही, आणि बघायला गेलं की भलतीकडेच सापडे. दोन्ही नियम अगदी बरोबर होते.

भानगड एकच. पिसू हत्तीच्या पाठीवर बसली की नियम कुणाचा? या प्रश्नाने जंगलातल्या विद्वानांची झोप उडाली होती. बाकीचे छान झोपत.

आता तुम्ही म्हणाल, यात सुगरण पक्षी कुठून आला? सांगते, जरा दम धरा. सुगरणींमध्ये घर बांधतो तो नर. अर्धं घरटं विणून झालं की मादी येते, लोंबकळून बघते, चोच मारून बघते. पसंत पडलं तर तो उरलेलं विणतो आणि ती त्यात अंडी घालते. त्र्यंबकराव नावाच्या सुगरण पक्ष्याचं अर्धं घरटं कुमुदला पसंत पडलं होतं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "आता तेवढा तळ विणून टाका. माझे दिवस भरत आलेत."

त्र्यंबकरावांनी गवताची पात ओढली. ती थरथरली. त्याबरोबर तेही थरथरले.

"अगं कुमुद! सगळं जग धाग्याचं आहे! धागा असा थरथरला की आंबा, तसा थरथरला की कावळा! हत्ती धाग्याचा, पिसूही धाग्याची. मिटलं भांडण!"

"अय्या!" कुमुद म्हणाली. तिला खरंच आनंद झाला. इतकं सुंदर तिच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं. "आणि तळ?"

"हिशेब जुळायला अकरा दिशा लागतात. वर-खाली धरून आपल्याकडे दहाच. अकरावी फार बारीक गुंडाळलेली आहे, अळूवडीसारखी. तळ त्या दिशेला आहे."

बातमी सिंहाकडे गेली. सिंहाला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून त्याने ताबडतोब राजमान्यता दिली. झाडून सगळ्या हुशार नरांनी विणकाम सोडलं आणि ते त्र्यंबकरावांच्या बाभळीवर बसून गणितं करू लागले. भिकाजी नावाच्या एका नराला गणित जमेना. तो तेवढा शेजारच्या फांदीवर वेडंवाकडं घरटं विणत राहिला. त्याच्याशी बोलणंही लोक कमीपणाचं मानत.

"पण धागा दिसला का कुणाला?" घुबडाने विचारलं.

उंदरांनी लगेच भलंमोठं गोल बीळ खणलं. दोन बाजूंनी दोन बोरं भरधाव सोडली. ती धाडकन आपटली. बिया निघाल्या. धागा काही निघाला नाही.

"सिद्धांत बरोबर आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "बीळ लहान आहे."

उंदीर बिचारे पुन्हा खणायला लागले.

इकडे पाच शिष्यांनी पाच वेगवेगळी अर्धी घरटी मांडली आणि एकमेकांची पिसं उपटली. तेव्हा त्र्यंबकरावांनी मोठी सभा भरवली. "मूर्खांनो, ही पाच घरटी नाहीतच! पाच फांद्यांवरून दिसणारं हे एकच घरटं आहे!" टाळ्यांनी बाभूळ हादरली. कुमुदनेही पंख आपटले. मग तिच्या लक्षात आलं, पाचातल्या एकालाही तळ नव्हता.

"अहो, मला आज-उद्याच अंडी घालायची आहेत," ती कळवळून म्हणाली.

"काळजी कसली? माझ्या गणितातून एकावर पाचशे शून्यं इतकी घरटी निघतात. त्यातल्या एखाद्याला तळ असणारच."

"कुठल्या?"

त्र्यंबकरावांना वाईट वाटलं. "कुमुद, तू असं विचारशील असं वाटलं नव्हतं."

तिला रडू फुटलं. पण अंडी काही कुणाच्या गणितासाठी थांबत नाहीत. ती तशीच उडाली आणि भिकाजीच्या घरट्यात शिरली. घरटं तिरकं होतं. एका बाजूने ढिलं होतं. पण खाली पाय टेकत होते. तिने तिथेच तीन अंडी घातली.

पाऊस आला तेव्हा ते घरटं गळलं. पिल्लं भिजली, शिंकली, चिवचिवली. भिकाजी ओशाळून रोज एक भोक बुजवी आणि दुसरं पाडी. सारं जंगल तिथे येऊन हसून गेलं. कुमुद मात्र पिल्लांना पंखाखाली घेऊन बसे, आणि खरं सांगायचं तर, धाग्याच्या त्या गोष्टी तिला अजूनही आवडत. पिल्लांना झोपवताना ती त्याच सांगे.

त्याच आठवड्यात सिंहाने त्र्यंबकरावांना शाल आणि नारळ दिला. सत्काराला उत्तर द्यायला ते शाल सावरत उभे राहिले. "माझ्या घरट्याविरुद्ध," ते म्हणाले, "आजवर एकही तक्रार आलेली नाही."

तात्पर्य: बाळांनो, नाव कमवायचं असेल तर घरटं कधीही पुरं करू नका. पुरं झालेलं घरटं गळतं. अर्ध्या घरट्यात आजवर कुणाचंही पिल्लू भिजलेलं नाही.