खरखर ऐकणारे अप्पा

लोक रेडिओवर गाणी ऐकतात, बातम्या ऐकतात, भजनं ऐकतात. आमचे शेजारचे दिगंबरअप्पा रेडिओवर खरखर ऐकतात. अन् ती बी मन लावून! काटा फिरवत फिरवत जिथं एकबी स्टेशन लागत न्हाई अशी जागा शोधायची, आवाज मोठा करायचा अन् ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचं. मधीच 'कट्ट' झालं की खूश. "वा! कडकली कुठंतरी." माह्या भावानं पहिल्यांदा हा प्रकार पाह्यला तवा मला हळूच म्हणला, "सुमन, शेजारचा माणूस बराबर हाये ना?" मी म्हणलं, "बिलकुल बराबर हाये. ईज शिकलेला हाये."

खोटं न्हाई सांगत. हसनाबादचा पोरगा पुण्याला गेला, तिथल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत लागला, अन् अख्खी नोकरी ढगातली ईज अन् हवेतली धूळ मोजण्यात घातली. त्या नादात लग्न राहूनच गेलं. रिटायर झाल्यावर गावाकडं आले, विधवा मोठ्या बहिणीजवळ. तिला सगळे जिजी म्हणतात. लांब कुठं ईज कडकली की रेडिओत खरखर उठते, म्हणून अप्पा आता ती ऐकत बसतात. विज्ञान सांगताना अप्पा पुणेरी बोलतात, भूक लागली की आपलं हसनाबादी. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माहं घर, अन् तिथं मी ब्लाउज शिवते. हे मुद्दाम सांगितलं, कारण माह्या शिलाई मशीननं अप्पाला एकदा अख्ख्या गावाम्होरं तोंडघशी पाडलंय.

झालं काय, लगीनसराईत माह्या अंगावर ब्लाउजांचा ढीग पडला, म्हणून मी मशीनला मोटर बसवून आणली. पहिल्याच दिवशी मी शिवायला बसले अन् तिकडं अप्पाचा रेडिओ खवळला. खर्रर्र, थांबून परत खर्रर्र. अप्पा चपला न घालता गल्लीत आले. "माणसं बोलवा शेतातून! मोठं वादळ येऊन राह्यलं!" आभाळ तर धुऊन ठेवल्यावानी स्वच्छ. पण माणूस शिकलेला ना! लोकांनी बैलं सोडून आणली, बायांनी वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या, अन् सगळे ओट्याम्होरं माना वर करून उभे. मी बी मशीन सोडून बघायला आले. खरखर बंद. "टळलं," अप्पा म्हणले. मी आत जाऊन परत पायडल दाबलं. "आलं, आलं परत!" असं दोनतीनदा झाल्यावर आतून जिजीचा आवाज आला, "आरं दिगू, तुहं वादळ सुमनच्या घरात बसून ब्लाउज शिवून राह्यलं!"

तवापासून आभाळ भरलं की भिंतीवर थाप पडते. "सुमन, मशीन बंद!" गिऱ्हाईक दारात उभं, उद्या हळद हाये म्हणून रडकुंडीला आलेलं, अन् मी हातावर हात ठेवून बसलेली. का, तर शेजारच्याला खरखर ऐकायचीय! मी तोंडाची फटकळ हाये, ऐकून घेणारी न्हाई. पण ह्या माणसापुढं माहं काही चालत न्हाई.

धुळीचं बी तसंच. गच्चीवर काचेच्या पट्ट्यांना कायतरी चिकट लावून ठेवायच्या, हवेतले कण धरायचे, अन् ते भिंगाखाली बघायचे. मला समजावतात, "ढगाला कण लागतात, सुमन. एकेका कणाभोवती पाणी जमतं, तेव्हा थेंब होतो. कणच नसतील तर ढग कसला?" मी म्हणलं, "मंग मी घर झाडायचं सोडून देते, गावाला पाऊस तरी पडंल." एकदा अप्पा पट्टी घेऊन नाचतच खाली आले. "पिवळे कण! हे आपल्याकडचे नाहीत. हे दूर वाळवंटातून आलेत!" जिजीनं पट्टी हातात घेतली अन् वास घेतला. "ही माही हळद हाये. सकाळी गच्चीवर चाळलीय." अप्पा दिवसभर तिच्याशी बोलले न्हाईत. सांजच्याला मात्र गपगुमान तीच हळद घातलेलं वरण दोनदा वाढून घेतलं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "ईज कुणाला वळखत न्हाई." सरपंच म्हणले, आमच्या बंगल्यावर काय पडती ईज? अप्पा म्हणले, "ईज सरपंच बघत न्हाई, उंची बघती. पट्टी बसवून घ्या तांब्याची, ईज जमिनीत उतरवायला." कुणी म्हणलं, देवाची कृपा हाये आमच्यावर, तरी अप्पाचं तेच. आम्ही हसायचो. ते वाक्य कुठून आलं ते मला माह्या सासूबाईनं सांगितलं, तवा माहं हसू पळालं.

जिजी पायाळू हाये. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अन् पायाळू माणसावर ईज पडते, हे तर आपल्याकडं लोक किती पक्कं धरून बसलेत, तुम्हाला माहीतच हाये. लहानपणी एकदा शेतात आभाळ फुटलं अन् सगळ्या बाया-पोरं एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, शिरली. तिथं कुणीतरी म्हणलं, "ही पायाळू हाये, हिच्यापायी आपण समदे मरू." अन् त्या लेकराला पावसात बाहेर काढलं. छोटा दिगू तिच्या मागं बाहेर गेला अन् तिचा हात धरून उभा राह्यला. ईज पडली न्हाई. पण जिजीच्या मनात जी भीती बसली, ती बसलीच. सासूबाई त्याच कोपीत होत्या. सांगताना त्यांचं डोकं खाली गेलं होतं.

तवापासून ढग गडगडला की जिजी आतल्या कणग्यांच्या खोलीत जाते, पाटावर पाय पोटाशी घेऊन बसते अन् वरून गोधडी घेते. जन्मात तिनं ईज धड पाह्यलेली न्हाई. अप्पानं किती समजावलं! चित्रं काढून दाखवली, ईज मोजायची पुण्याची मशीन उघडून दाखवली. जिजीचं एकच उत्तर, "तुही मशीन पुण्याची, माहे पाय हसनाबादचे." अप्पा एकदा मला म्हणले, "सुमन, मला दुसरं काही नको. एकदा जिजीनं ह्या ओट्यावर माह्याजवळ बसून ईज बघावी. जिच्यासाठी शिकलो, तीच वर्गात येत न्हाई."

अन् एक सांगायचं राह्यलं. ईज चमकली की अप्पा मोजायला लागतात. गडगडाट ऐकू येईस्तोवर मोजायचं, अन् तिनानं भागलं की किलोमीटर निघतात. मंग घसा फोडून ओरडणार, "सहा किलोमीटर! भोकरदनकडं!" मला वाटायचं, गावाला सांगून राह्यलेत. पण एकदा माह्या ध्यानात आलं, ओरडताना त्यांचं तोंड गावाकडं नसतं. आतल्या दाराकडं असतं. अन् मंग आतून, गोधडीतून, बारीक आवाज येतो, "बरं."

औंदा परतीच्या पावसात काय झालं ते सांगते. कापूस वेचणीचे दिवस. दुपारी एकदम अंधारून आलं, भिंतीवर थाप पडली, मी मशीन बंद करून अप्पाच्या ओट्यावर आले. अन् बघते तर समोरच्या बांधावर, कडुलिंबाच्या झाडाखाली, आमच्या गल्लीतली कलाबाई अन् तिच्या संगतीच्या बाया कापसाची गाठोडी घेऊन उभ्या! अप्पानं हाका मारल्या, वाऱ्यात कोण ऐकतंय? कलाबाईला फोन लावला, तर तिचा फोन घरी चार्जिंगला. अप्पा उठलेच. छत्री घेतली, "हिच्यात लोखंड हाये," म्हणून फेकून दिली. खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेतली, गमबूट चढवले.

"अप्पा, अहो तुम्हीच म्हणता ना, अशात बाहेर पडू नका!"

"म्हणतो ना. ईज कुणाला वळखत न्हाई. त्या बायांना बी न्हाई वळखणार." अन् कमरेत वाकून, खोळ सावरत, चिखलातून पळत सुटले. एरवी मी हसून हसून मेले असते, पण तवा ओट्याच्या काठाला येऊन त्यांच्याकडंच बघत राह्यले.

लख्खन चमकलं. पाठोपाठ गडगडलं. आतून आवाज आला, "दिगू, किती?"

मोजायचं कुणाला सुचतंय?

परत चमकलं. "दिगू! किती लांब?"

"जिजी," मी म्हणलं, "अप्पा न्हाईत हितं. बांधावर गेलेत, लिंबाखालच्या बायांना आणायला."

मंग पाट सरकल्याचा आवाज झाला. गोधडी ओढत जिजी दारात आली. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, थांबली, मंग दुसरा टाकला, अन् तडक ओट्याच्या काठाला जाऊन ओरडली, "दिगूऽऽ! घरी ये रे मुडद्या!" तेवढ्यात चमकलं. मी डोळे मिटले. तिनं न्हाई मिटले, ती बांधाकडं बघत होती. तिथंच मट्कन खाली बसली.

शेवटी आली ती वरात. म्होरं अप्पा, मागं डोक्यावर गाठोडी घेतलेल्या चिंब बाया, अप्पाला शिव्या घालत. पायरीजवळ आल्या अन् कलाबाईचा पाय थबकला. "अगं बाई! ही पायाळू भाईर काहून बसली?" झाल्या सगळ्या पावसातच उभ्या. मी तोंड उघडणारच होते, पण जिजीच बोलली.

"या गं वर. पडायची असती तर मघाच पडली असती. सुमनला इचारा."

"जित्ती हाये मी अजून," मी म्हणलं.

जिजीनं पाय आवरून जागा केली. कलाबाई जरा घुटमळली, मंग वर येऊन तिला खेटूनच बसली, जागाच तेवढी होती. बसल्या बसल्या कुरकुर सुरू. "लिंबाला तर काहीच झालं न्हाई, अप्पा. आमचा कापूस मात्र भिजवला तुमी."

अप्पा जिजीकडं बघत होते. खोळ न काढता, पाणी निथळत, हळूच तिच्या शेजारी खाली टेकले. रेडिओ आपला खरखरतच होता.

अन् मंग आभाळात या टोकापासून त्या टोकापर्यंत ईज फुटली, फांद्या फांद्या होऊन. जिजीचं तोंड उघडंच राह्यलं.

"आगं बया... इतकी देखणी असती व्हय रं ही?"

आम्ही सगळ्या आकड्याची वाट बघून राह्यलो. गडगडाट आला, घरावरून गेला, लांब विरून बी गेला. अप्पाची नजर जिजीवरून हलली न्हाई. शेवटी जिजीनं त्यांची बाही ओढली.

"सांग की रं दिगू. किती लांब?"

अप्पानं चष्मा काढला, ओल्या सदऱ्यालाच पुसला.

"मोजायचं राह्यलं, जिजे."