आत्याची गया, व्हाया ॲम्स्टरडॅम

माझं नियोजन कधी चुकत नाही. अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, तिथे सहल म्हटली की प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे एकच नाव घेतात, ललितसर. माझ्या सहलीत बस पंक्चर झाली तर तीसुद्धा चहाच्या टपरीसमोरच होते.

त्यामुळे आयुष्यातली सगळ्यात मोठी सहल मी स्वतःच आखली. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना असे तीन छोटे मुलूख एकमेकांना खेटून बसले आहेत. तिथे जंगल इतकं, की माणसं मधे मधे तोंडी लावायला ठेवल्यासारखी वाटतात. पर्यटक तिकडे फारसे फिरकत नाहीत. मोजक्या आठ जणांचा गट, सोबत तिथलाच वाटाड्या. मी, माझी बायको हर्षा आणि हर्षाची बहीण जुईली असे आम्ही तिघे आणि बाकीचे युरोपातले. सगळं ठरलं आणि अकोल्यात ऑटोतून उतरताना जुईलीने पाय मोडून घेतला.

त्याच आठवड्यात भातकुलीला एका बारशाला गेलो. तिथे रमाआत्या भेटली. ही माझी सख्खी आत्या. एकुलती एक लेक मस्कतला, नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, भातकुलीतल्या मोठ्या घरात एकटीच राहते. मंडपात एक जण माईक तपासत होता, त्यामुळे सगळं ओरडूनच बोलावं लागत होतं.

"आत्या, आम्ही गयानाला चाललोय," मी ओरडलो. "जुईली येत नाही. एक जागा रिकामी झाली."

आत्याने घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. "गयाले?"

"हो, गयानाला."

"मले नेतं का रे, बावा?" तिचे डोळे भरून आले. "तुया आतोबाचं तेवढंच राहून गेलं."

मी तर हेलावूनच गेलो. आतोबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, त्यांना वर्षावनाची हौस होती हे मला नवीनच होतं. पण या वयात आत्याला ती ओढ असावी! वनस्पतिशास्त्र आमच्या रक्तातच आहे, असं मी परतताना हर्षाला गाडीत सांगितलं. हर्षा म्हणाली, "एकदा नीट विचारून घे." मी कशाला विचारू? माझं नियोजन चुकत नाही.

आत्याचा पासपोर्ट लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी काढलेला होता; मी मागितला, तसा तिने तो आधार कार्डासारखा काढून दिला. कागदपत्रं मीच भरली. पीतज्वराची लस टोचायला नागपूरला नेलं, तर ती कुरकुर न करता दंड पुढे करून म्हणाली, "कोरोनापासून सगळीकडंच टोचून राह्यले."

मी तिला सगळं समजावलं होतं. "आत्या, डास फार. बूट घालण्याआधी झटकायचे. होडीत बसावं लागेल."

"बसीन. गेलेल्या मानसासाठी एवढं तं करा लागते."

गेलेली माणसं म्हणजे आधी तिकडे जाऊन आलेले पर्यटक, असा मी अर्थ लावला.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीतल्या साहेबाने तिचा पासपोर्ट उघडला. "कहाँ जा रही हैं, माताजी?"

"गया."

"गयाना?"

"हाओ, गया ना. तेच तं सांगून राह्यली."

त्याने शिक्का मारला. सरकारने शिक्का मारल्यावर शंका घेणारा मी कोण?

ॲम्स्टरडॅमला विमान बदलायचं होतं. बाहेर धुकं, आत काचा, आणि चारचार हात उंच माणसं बॅगा ओढत पळताहेत. आत्या स्वेटरच्या बाह्या हातावर ओढून बराच वेळ बघत बसली. मग शांतपणे म्हणाली, "ललित, हे गया नोहे."

"नाही आत्या, हे ॲम्स्टरडॅम. इथून दुसरं विमान."

"हां. मंग उतरल्यावर फल्गू नदीचा घाट किती दूर हाय? पायी जाता येते?"

फल्गू. विष्णुपदाशेजारची फल्गू. बिहारमधली. मी हळूच खुर्चीत बसलो. हर्षाने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी सापडल्यावर मी पोरांकडे जसं पाहतो, अगदी तसं.

"आत्या," हर्षाने तिचा हात हातात घेतला, "तुम्ही गयेला कशासाठी निघालात?"

"काऊन, पिंडदानासाठी. अजून कायच्यासाठी जातेत?" आणि मग तिने सांगितलं. आतोबांच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. दुपार टळली, उपाशी माणसं ताटकळली, तरी एक कावळा खाली उतरेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला. "तवापासून माहा जीव थाऱ्यावर नाही, पोरी. काय राह्यलं त्याइच्या मनात, कोनाले मालूम? म्हनलं गयेले जावं अन् मोकळं करावं त्याइले."

तिला खरं काय ते सांगावंच लागलं. जगाचा नकाशा दाखवून मी बोट भारतावरून उचललं आणि अटलांटिक ओलांडून पार पलीकडे ठेवलं. ते बोट ठेवताना मला जितकी लाज वाटली, तितकी पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

"आपण परत जाऊ," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. "इथूनच तुला घेऊन गयेला जातो."

आत्या नकाशाकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "नाही रे. तुयी हौस हाय. तू पाह्य तुये झाडं. मी बसीन एका जागी." आणि तिने विमानातला डबासुद्धा न उघडता परत दिला.

सुरिनामची राजधानी पारामारिबो. तिथे उतरलो तर बॅगा तपासणाऱ्या बाईने आत्याचीच पिशवी बाजूला काढली. आतून निघालं ते असं: वाळलेलं गवत, काळ्या बिया, आणि पारदर्शक पिशवीत घट्ट बांधलेलं पीठ. ॲम्स्टरडॅमहून येणाऱ्या माणसाकडे पुडीत बांधलेलं पीठ! त्या बाईने दोन पोलीस बोलावले. मी इंग्रजीत सांगितलं की हे मृतांसाठी आहे. पोलीस दोनाचे चार झाले. मग मी सांगितलं की याचे गोळे करतात आणि नदीत सोडतात. त्यांनी मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं.

तेवढ्यात आतून एक साडीत शोभेल अशा वयाची, पण गणवेशातली अधिकारी बाई आली. तिने काळे तीळ पाहिले, दर्भ पाहिला, जवाचं पीठ हुंगलं आणि आत्यासमोर हात जोडले. "पिंडा पारे के है, आजी?"

आत्याने मान डोलावली. माझ्या इंग्रजीने जे पाऊण तासात जमलं नाही ते त्या एका वाक्यात झालं. पोलिसांनी पिशवी बांधूनसुद्धा दिली.

बाहेर आमचा वाटाड्या उभा होता. ओमप्रकाश, चाळिशीचा, पायात गमबूट, तोंडभर हसू. आमचा उशीर का झाला ते हर्षाने सांगितलं, तसं त्याचं हसू मावळलं आणि तो गाडीत आत्याच्या शेजारी जाऊन बसला. त्याची बोली भोजपुरीच्या वळणाची, आत्याची हिंदी वऱ्हाडी वळणाची. दोघांचं इतकं छान जुळलं की मागे बसलेल्या आम्हा शिकलेल्यांना दर तिसरं वाक्य सोडून द्यावं लागत होतं.

"हमार परआजा गया जिला से आइल रहा, आजी," तो म्हणाला. म्हणजे त्याचे खापरपणजोबा की पणजोबा, जहाजात बसून ऊस तोडायला इथे आले. आले ते आलेच.

आत्या खिडकीतून एकदम आत वळली. "तुम गया के हो?"

"उहाँ के."

"फिर कोई वापस गया क्या, उनके पिंड देने?"

"कोई ना गइल, आजी. इहें नदी में कर देत रहे."

आत्याने त्याच्या हातावर हात ठेवला. "तुमारे परआजा का नाम क्या था?"

त्या दुपारी ती जेवली. डाळ, भात, भोपळ्याची भाजी. ओमप्रकाशच्या बायकोने पाठवलेला डबा होता. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा हर्षाने टेबलाखालून माझा हात दाबला.

दोन दिवसांनी आम्ही नदीतून वर, जंगलातल्या मुक्कामावर पोचलो. लाकडी खोल्या, भोवती माझं स्वप्नातलं अरण्य. ज्या झाडांची चित्रं मी वीस वर्षं फळ्यावर काढली ती समोर उभी होती, आणि मी उघड्या अंगाने, कमरेला हर्षाची ओढणी गुंडाळून नदीकाठी बसलो होतो. आत्याला मुलगा नाही, म्हणून पिंड भाच्याने द्यायचे. डासांना माझ्याइतकं मोठं आणि मोकळं ताट बहुधा कधी मिळालं नसावं.

मंत्र ओमप्रकाशला अर्धे येत होते, वडिलांकडून ऐकलेले. उरलेले अर्धे आत्याला येत होते, भटजींकडून ऐकलेले. कुठले अर्धे कुणाचे यावरून दोनदा वाद झाला, पण गाडी पुढे गेली. गटातली एक डच बाई, निवृत्त नर्स, दुरून बघत होती. हर्षाकडून सगळं समजून घेऊन ती जवळ आली आणि तिने खुणेने विचारलं, की आपल्या वडिलांसाठीही एक पिंड करू का. आत्याने तिच्या हातात पिठाचा गोळा दिला. "कर, कर. बाप सगळ्याइचाच मरते."

असे तीन पिंड केळीच्या पानावर मांडले. आतोबांचा, ओमप्रकाशच्या परआजाचा आणि डच बाईच्या वडिलांचा. आत्या हात जोडून दूर सरकली आणि झाडांकडे पाहू लागली.

आणि मग माझ्या लक्षात आलं. ती कावळ्याची वाट पाहत होती.

प्रवासाच्या तयारीत मी तिथल्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक पाठ केलं होतं. आपला काळा कावळा त्या अख्ख्या खंडात नाही. ओमप्रकाशला मी हळूच विचारलं, "कौवा?" त्याने हळूच नकारार्थी मान हलवली. एकदा दुपार टळेपर्यंत वाट पाहिलेली बाई पुन्हा वाट पाहत उभी होती, ती अशा जागी, जिथे कावळा येणं शक्यच नव्हतं. आणि तिला इथे आणणारा मीच होतो.

पानाला मुंग्या लागल्या. मी मनातल्या मनात आतोबांना म्हटलं, चूक माझी आहे, तिला पुन्हा घरी तसंच पाठवू नका.

तेवढ्यात स्वयंपाकघरामागून एक पक्षी चालत आला. उडत नाही, चालत. कोंबडीएवढा, काळा, लांब पाय, खांदे पाडून, कचेरीत उशिरा पोचलेल्या कारकुनासारखा. तिथले लोक त्याला कामीकामी म्हणतात आणि तो मुक्कामाच्या आसपासच वावरतो. तो सरळ पानापाशी आला, मधल्या पिंडाला चोच मारली, तो आतोबांचा होता, आणि मग बाकीच्या दोघांकडे वळला.

"शिवला," आत्या म्हणाली. आवाज अगदी बारीक.

मी म्हणालो, "आत्या, हा खरं तर सारसाच्या जवळचा..."

हर्षाने माझ्या अनवाणी पायावर पाय दिला.

"इकडचा कावळा हाय," आत्याने डोळे पुसले. "पानीपाऊस चांगला हाय म्हनून एवढा वाढला." मग ती मटकन खाली बसली आणि रडली, आणि डच बाई तिच्या शेजारी बसून रडली, आणि ओमप्रकाश नदीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढचे दिवस आत्या सगळ्यात पुढे होती. फ्रेंच गयानात तिने डच बाईला भाकरी थापायला शिकवली. गयानातला प्रचंड धबधबा बघताना ती म्हणाली, "बरं केलं रे, आनलं मले." मी काहीच केलं नव्हतं. जे केलं ते चुकीचं केलं होतं. तरी ते वाक्य मी घेतलं आणि अजून सोडलेलं नाही.

परतल्यावर आत्याने भातकुलीत सगळ्यांना जेवायला घातलं. लोक काय म्हणतील या भीतीने मी खांबाआड बसलो होतो. पण तिने वाढता वाढता सरळ सांगून टाकलं, "गयेले नाही गेली मी. गयेचे लोक जिथं जाऊन राह्यले, तिथं गेली. जंगलातले देश हायेत. तीन."

शेजारच्या पुंजाजींनी बुंदीचा घास थांबवला.

"जंगल तं आपल्या धारणीलेही हाय, वहिनी. मंग एवढ्या दूर काऊन गेल्या?"

आत्याने त्यांच्या ताटात आणखी बुंदी वाढली आणि खांबाकडे बोट दाखवलं. "त्याले विचारा. प्रोफेसर हाय तो. मोठा अभ्यास करून नेलं त्यानं."