बाहीला चिकटलेलं हॉस्पिटल

शांत, कलावंत आणि चारचौघांत जीव गुदमरणाऱ्या माणसानं स्वतःला साजेसं काम कसं शोधावं, याचा सल्ला कुणाला हवा असेल तर थेट माझ्याकडे या! या विषयातली मी अधिकारी बाई आहे. एका दिवसात नवी नोकरी मिळवून दाखवली आहे. कशी, ते सांगते. मध्येच हसायचं नाही.

मी एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींच्या खिडकीत बसायचे. शेजारणीनं जिन्यात "कसं काय?" विचारलं तरी जिला घाम फुटतो, तिला नशिबानं नेमकं तिथं नेऊन बसवलं, जिथं माणसं भांडायलाच येतात! कुणाचा पांढरा शर्ट गुलाबी झालेला, कुणाच्या मशीननं मोजा गिळलेला. मी गोड बोलायचे, एखादा विनोद करायचे, त्यांना हसवून वाटेला लावायचे. मग बाथरूममध्ये जाऊन थंड फरशीला कपाळ टेकवून उभी राहायचे. उरलेल्या वेळात जुन्या पावत्यांच्या पाठीवर माणसांची चित्रं काढायचे. ओरडणारी, रडवेली, मोजा नाचवणारी.

हेही मी सोसलं असतं. पण घरात धाकटी होती ना!

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दिराची बायको. तीही माझ्यासारखीच अबोल, तीही चित्रं काढणारी. फरक एवढाच, की ती गप्प बसली की सासूबाई म्हणायच्या, "हळू बोला, ती विचार करतेय." आणि मी गप्प बसले की, "हिला काय झालं आता? कुणी काही बोललं का हिला?" तिचं मौन म्हणजे प्रतिभा, माझं म्हणजे फुगलेले गाल!

एकदा मी फोनवर एक स्वभावाची चाचणी दिली. उत्तर आलं, 'अंतर्मुख सर्जक. अत्यंत दुर्मीळ.' मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "चुकून भलतंच बटण दाबलं असशील. परत करून बघ." मग धाकटीनं दिली. तिलाही तेच उत्तर! सगळं घर एका सुरात म्हणालं, "वाटलंच होतं!"

दुर्मीळ म्हणे! एका घरात दोन!

आणि तिचं काम ऐका. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती इमारतींची छोटी छोटी मॉडेलं बनवते. पुठ्ठ्याच्या भिंती, नखाएवढ्या खिडक्या, काडेपेटीएवढ्या मोटारी. त्यासाठी तिला एक आख्खी खोली! एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून तो द्यायला मी तिथं गेले आणि खोली बघून दारातच खिळले. मोठी खिडकी, मान वळवता येणारा दिवा, खणांत रंगवार लावलेली इवलीशी झाडं. मुख्य म्हणजे बंद होणारं दार. आत कुणी ओरडत नव्हतं. फोनसुद्धा दबक्या आवाजात वाजत होता. घरी येईपर्यंत मी ते दार मनातल्या मनात आतून लावत होते.

त्या दिवसापासून मी संधीची वाट बघत होते. ती आली. धाकटीच्या हाताखालची मुलगी लग्न करून परगावी गेली, आणि हॉस्पिटलच्या एका मोठ्या मॉडेलचं काम अंगावर आलं. जेवताना धाकटी पुटपुटली, "झाडं लावायची राहिलीत."

"मी येते!" मी म्हटलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तू? स्वतःहून?"

"घरचं माणूस अडचणीत असताना बघत बसू?" मी म्हटलं. मनातला बेत वेगळाच होता. माझा हात आर्किटेक्टसाहेबांच्या नजरेस पडायचा, त्यांनी चकित व्हायचं, आणि त्या खोलीत दुसरी खुर्ची टाकायची. जमलंच तर धाकटीची खुर्ची थोडी कोपऱ्यात सरकवायची.

मी रजा टाकली आणि गेले. टेबलावर हॉस्पिटल तयार होतं. पांढरंशुभ्र, देखणं. इतकं देखणं, की मला त्यात कुठंच खोट सापडेना, आणि मी फार शोधली.

"ताई, तुम्ही फक्त झाडं लावा," धाकटी म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नका. मी काचवाल्याकडून मॉडेलवर घालायचं झाकण घेऊन येते. दुपारी हॉस्पिटलची समिती येणार आहे बघायला." तिच्या मानानं हे भाषणच झालं. ती गेली आणि दार बंद झालं.

काय सांगू तुम्हाला! तो एकांत! मी झाडं लावली. वाऱ्यानं एका बाजूला कललेली, एकमेकांना चिकटून उभी असलेली. मग खिडक्यांतून माझी नजर हॉस्पिटलमधल्या माणसांवर गेली. बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळी ताठ, सगळी एकटी. कुणी कुणाकडे बघतसुद्धा नव्हतं. हॉस्पिटल आहे की पुतळ्यांचं गोदाम?

"हिला माणसं कुठं कळतात!" मी म्हटलं. खरं सांगते, इतकं बरं वाटलं!

झालं! मी छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि नोंदणीच्या खिडकीपुढं रांग लावली. एकाचा हात वर करून भांडण सुरू केलं. एका बाईला बाकावर झोपवलं, तिच्या नवऱ्याला तिच्या चपला धरून उभं केलं. एक म्हातारे गृहस्थ चुकून बाळंतिणींच्या दारात नेऊन ठेवले. सगळी माझ्या खिडकीवरची मंडळी होती! छप्पर परत बसवायला गोंदाची नळी घेतली. तिचं तोंड सुकून बंद झालं होतं. मी दाबली. आणखी दाबली. दोन्ही हातांनी दाबली.

फट्!

गोंद कुठं कुठं गेला ते नंतर कळलं. आधी एवढंच कळलं, की माझी उजवी बाही छपराला चिकटली आहे. मी हात ओढला. हातासोबत आख्खं छप्पर आलं! कोपरावर हॉस्पिटलचं छप्पर, त्यावर पाण्याच्या टाक्या, एक छोटा जिना. मी हात झटकला, तर एक टाकी उडून दिव्यावर आपटली. बाही कापावी म्हणून कात्री शोधली, तर ती खणात, आणि खण माझ्याच गोंदानं बंद!

तेवढ्यात दार उघडलं. आर्किटेक्टसाहेब आणि त्यांच्यामागून समिती! वेळेच्या खूप आधी!

"या, या," साहेब पाहुण्यांना म्हणाले आणि माझ्याकडे बघून थबकले. "आपण कोण?"

"झाडं," मी म्हटलं.

समितीच्या पाठीमागं, दारात धाकटी दिसली. एवढी माणसं बघून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला आणि हातातलं झाकण पुढं धरून ती त्याच्या आड लपली. झाकण पारदर्शक होतं!

"छप्पर कुठं गेलं?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

साहेब पांढरे पडले. धाकटीनं झाकणामागं डोळे मिटले. तिचं कित्येक आठवड्यांचं काम माझ्या कोपरावर लोंबत होतं. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटत नव्हता. नुसती लाज वाटत होती. आणि लाज वाटली की माझी जीभ सुटते, खिडकीत सुटायची तशी.

"हे बघा छप्पर!" मी कोपर उंचावलं. "मुद्दाम सुटं केलंय! हॉस्पिटलकडे वरून फक्त पक्षी बघतात. माणसं आतून बघतात. या ना, जवळ या! या बाई सकाळपासून बसल्यात, म्हणून झोपल्यात. हे त्यांचे यजमान. चपला सांभाळण्याशिवाय त्यांना काही सुचत नाहीये. हे भांडणारे गृहस्थ रागावलेले नाहीत, घाबरलेत. आणि हे आजोबा वाट चुकलेत, पण त्यांना तिथून निघायचं नाहीये."

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच वाकून बघायला लागले. बाईंनी विचारलं, "अजून बाक टाकता येतील का इथं?" साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. समितीतले एक टकलू गृहस्थ मात्र मॉडेलऐवजी माझ्याकडेच बघत होते.

"तुम्ही वॉशिंग मशीनच्या खिडकीतल्या ना? माझा मोजा गेला होता! मी कंपनीवर खटला भरायला आलो होतो, आणि तुम्ही मला हसवून घरी पाठवलंत!"

मॉडेल पसंत पडलं. समिती गेली. साहेबांनी स्वतः कात्री आणून माझी बाही कापली आणि म्हणाले, "आमच्याकडे काम कराल का?"

माझं काळीज नाचायला लागलं! "याच खोलीत?"

"छे, छे! इथं कशाला वाया घालवू तुम्हाला? बाहेर, काउंटरवर! दिवसभर लोक येतात, त्यांना हे सगळं समजावून सांगायला आमच्याकडे कुणीच नाही. मॉडेलं बनवणाऱ्या या बाईंना तर कुणी काही विचारलं की तापच येतो!"

घरी मोठा आनंदीआनंद. सासूबाई म्हणाल्या, "बोलकी आहे हो आमची थोरली, पहिल्यापासून!" रात्रीची भांडी आवरताना धाकटी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता छपराबद्दल ऐकवणार. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "ताई, मला तुमचा फार हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून."

"माझा? कशाबद्दल?"

"तुम्हाला माणसं घाबरवत नाहीत."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा केला, आणि तोही माझ्याकडे नसलेल्या गोष्टीचा! तिला खरं सांगणार होते. पण मग विचार केला, राहू दे. इतकं छान वाटत होतं!

हल्ली मी काउंटरवर बसते. दिवसभर बोलते. धाकटी आत, दार लावून. लोक चुकून तिचं दार वाजवतात, म्हणून मी परवा एक पाटी रंगवून तिथं लावली, 'चौकशी बाहेरच्या बाईंकडे करावी.' जीव ओतून रंगवली. अक्षरं इतकी देखणी उतरलीत, की येणारा प्रत्येक जण थांबून बघतो आणि मग माझ्याकडे येऊन विचारतो, "ही आतल्या बाईंनी काढली ना? वाटलंच!"