सांध्यांची झबली

हरिभाऊ माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा पाटावर बसण्याआधी त्यांनी वर छताकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग मोरीतल्या नळाकडे, आणि मांडलेला पाट उचलून दीड हात अलीकडे ठेवला. माझी बायको तेव्हा संसारात नवखी होती. पाहुणे फार सोवळ्याचे दिसतात असं समजून ती म्हणाली, "जागा आत्ताच पुसलीय हो, भावजी."

"जागेला माजी ना न्हाई, वहिनी," हरिभाऊ म्हणाले, "पण त्या नळाचा सांधा मला बरा वाटत न्हाई. त्याचं तोंड हिकडं हाय."

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, नळाच्या सांध्यावर दोन बोटं ठेवली आणि वैद्य नाडी बघतात तसे डोळे मिटून उभे राहिले. पुढच्या रविवारी पत्र्याचं एक वाटोळं झाकण घेऊन आले आणि सांध्याभोवती बसवून गेले. नळ तोवर गळत नव्हता. महिनाभराने गळायला लागला, तेव्हा पाण्याची चिळकांडी बायकोच्या लुगड्यावर न उडता झाकणावर आदळली आणि सरळ खाली, मी दाढीला बसतो तिथे, माझ्या पायावर पडू लागली. मी तक्रार केली तर हरिभाऊ समाधानाने म्हणाले, "मग बरोबर हाय की. खाली बघून गळतंय."

गळावं, पण खाली बघून गळावं, हे हरिभाऊंचं जन्माचं तत्त्वज्ञान होतं. जगात गळत नाही असा सांधा नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तो कधी गळेल एवढाच प्रश्न होता, आणि गळेल तेव्हा समोर कोण बसलेलं असेल हा दुसरा.

गोष्ट पन्नास-साठच्या दरम्यानची. पिंपरीला तेव्हा एक औषधांचा कारखाना होता आणि त्याच्या कुंपणाला लागून जोंधळ्याची शेतं होती. दुपारी कारखान्याच्या वाफेचा पांढरा पुंजका त्या शेतांवर जाऊन रेंगाळायचा, आणि त्यात बैल चरताना दिसायचे. मी तिथे भांडारात कारकून होतो. हरिभाऊ तळेगावहून सकाळच्या गाडीने येत. वडील तळेगावात कंदील आणि पत्र्याचे डबे करायचे, तो हात मुलात उतरलेला. हजेरीबुकात त्यांच्या नावापुढे 'पत्रेकाम' लिहिलेलं होतं. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नव्हतं. का, असं विचारलं की ते एखाद्या पाईपकडे बघत राहत आणि आपण काय विचारलं ते आपल्यालाच विसरायला होई.

त्यांचं खरं काम गटारं, झाकणं, धुराडी दुरुस्त करण्याचं. सांध्यांना झाकणं घालण्याचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनाने घेतलं. कारखान्यात पाईपाला पाईप जोडतात तेव्हा दोन्ही तोंडांच्या लोखंडी चकत्या समोरासमोर ठेवतात, मधे पॅकिंगचं कडं घालतात आणि बोल्ट आवळतात. हरिभाऊंच्या मते हे लग्नच होतं. "दोघं दोन घरचे. मधे हे पॅकिंग म्हंजे मध्यस्थ. मध्यस्थ म्हातारा झाला का भांडण सुरू. भांडू द्या, आपली ना न्हाई. पर शेजाऱ्याच्या डोळ्यात जायला नको." म्हणून ते प्रत्येक सांध्याला पत्र्याचं झबलं शिवत. शिवत हा त्यांचाच शब्द. झबलं सांध्याला सगळीकडून वेढायचं, फक्त खालून उघडं. आतली चिळकांडी कुठल्याही दिशेने उडाली तरी पत्र्यावर आपटून खाली ओघळायची. माप ते सुतळीने घेत आणि सुतळी कानावर टांगून कारखानाभर हिंडत. त्या वेळी त्यांना हाक मारली तर ओ मिळत नसे. माणूस एवढा हरवलेला, की एकदा मोठ्या भट्टीच्या सांध्याचा विचार करता करता तळेगाव गेलं आणि ते लोणावळ्याला उतरले.

सगळ्यात जास्त झबली होती बाटल्या धुण्याच्या खोलीत. लांबट खोली, वर काचा. दुपारचं ऊन वाफेतून गाळून आल्यासारखं दिसायचं, आणि ओल्या बाटल्यांचा किणकिणाट सतत चाललेला. मी भांडारातून काही निमित्त काढून तिथे जाऊन उभा राहत असे. तिथे गेलं की झोप येई आणि झोपावंसंही वाटत नसे. भिंतीला धरून बारा बायका बारा कुंडांपाशी स्टुलांवर बसायच्या, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात, डोक्यापेक्षा थोड्या उंचीवर, पाईपाचा एकेक सांधा. पाईपातून कढत कास्टिक सोड्याचं पाणी यायचं. त्याचा थेंब हातावर पडला तर कातडं सोलून निघायचं. डोळ्याचं काय होईल ते कुणी बोलत नसे.

बारावी जागा कोपऱ्यात, पाईप वळतो तिथे. त्या जागेवर मोशीची सगुणा बसायची. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, तिशीच्या आतबाहेरची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या सांध्याचं झबलं हरिभाऊंनी तीनदा बदललं होतं. "वळणाचा सांधा हाय, त्याचा भरवसा न्हाई," असं कारण ते सांगत. ते बरोबरही होतं, म्हणून आम्ही दुसरं कारण शोधलं नाही.

मग नवे इंजिनिअरसाहेब आले. माणूस शिकलेला, वाईट मुळीच नव्हता. त्यांनी खोलीभर टांगलेली झबली बघितली आणि म्हणाले, "हरिभाऊ, झाकण घातलं की गळती दिसत नाही. दिसली नाही की कुणी दुरुस्त करत नाही. आजार झाकून ठेवल्याने बरा होतो का? दसरा झाला की सगळी उतरवा."

हरिभाऊंनी मान खाली घातली. साहेबांचं म्हणणं खरं होतं आणि ते त्यांनाही कळत होतं. चार दिवस ते झबल्यांखाली उभे राहून वर बघत राहिले. पाचव्या दिवशी माझ्या खिडकीत मागणीचा कागद आला: 'हळद, दोन शेर. पायपासाठी.'

"हरिभाऊ, हे भांडार आहे, कुणाचं स्वयंपाकघर नाही," मी म्हणालो.

ते मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. त्यांनी घरून हळदीत भिजवून वाळवलेली एक चिंधी आणली होती. तिच्यावर त्यांनी पानाच्या डबीतला चुना बोटाने लावला. चिंधी लाल झाली. "कास्टिक म्हंजे चुन्याचा थोरला भाऊ," ते हळूच म्हणाले. "झबल्याच्या खालच्या काठाला ही चिंधी लोंबत ठिवायची. आत थेंब गळला का हिच्यावर येणार. पिवळी हाय तवर सगळं ठीक. लाल झाली का बाई उठवायची. आता झाकण लपवतं कसं म्हणाल?"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी कागदावर सही करून टाकली. साहेबांनाही ती कल्पना पसंत पडली, पण ते सावध होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघू, म्हणाले. तोवर चिंध्यांचा उपयोग दिसला तर झबली राहतील.

बारा झबल्यांना बारा पिवळ्या चिंध्या लागल्या. बायकांनी हरिभाऊंना हैराण केलं. "भाऊ, हळद लावली, आता अक्षता कवा?" हरिभाऊ हसत आणि वर बघत चालत राहत. रोज सकाळी ते पहिल्या चिंधीपासून बाराव्या चिंधीपर्यंत सावकाश जात आणि बाराव्यापाशी जरा जास्त थांबत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते खंडेनवमी. त्या दिवशी आपापलं हत्यार पुजायचं. सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री. कारखान्यातही सकाळी सगळीकडे झेंडू आणि उदबत्त्या. बाटल्यांच्या खोलीतल्या बायकांपाशी हत्यार असं काही नव्हतं. मग ज्याने आपला जीव जपला तेच आपलं हत्यार, असं त्यांनी ठरवलं आणि स्टुलावर चढून एकेकीने आपापल्या सांध्याची पूजा केली. पत्र्याला कुंकू लागेना, घसरून पडे. म्हणून त्यांनी ते पाण्यात कालवलं आणि पिवळ्या चिंधीला सढळ हाताने फासलं. त्यांना वाटलं, हळद भाऊंनी लावलीच आहे, कुंकू तेवढं राहिलंय. हरिभाऊ तेव्हा खोलीत नव्हते.

तासाभराने साहेब पाहणीला आले. मीही मागोमाग गेलो, कारण हळदीच्या कागदावर माझी सही होती. दारातच साहेब थबकले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या चिंध्या लालभडक झाल्या होत्या. खाली बायका नवी लुगडी नेसून बाटल्या धूत होत्या.

"हरिभाऊ," साहेब हसू दाबत म्हणाले, "तुमच्या हिशेबाने तर सगळाच कारखाना गळतोय."

मला फार वाईट वाटलं. त्या माणसाची महिनाभराची मेहनत बायकांनी प्रेमापोटी बुडवली होती, आणि त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. हरिभाऊ दारात उभे होते. त्यांनी एकेक चिंधी बघायला सुरुवात केली, रोजच्यासारखी, पहिलीपासून. अकरावीपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर नुसता खिन्नपणा होता. बारावीवर नजर गेली आणि चेहऱ्याचा रंगच उतरला.

ते पळाले नाहीत. झपझप चालत कोपऱ्यात गेले आणि म्हणाले, "सगुणाबाई, उठा."

तिने वर बघितलं. "का वो?"

"उठा आदी."

ती उठून बाजूला झाली. हरिभाऊंनी भिंतीवरची चावी फिरवून पाईप बंद केला, पाईप निवू दिला आणि मग फडकं हाताला गुंडाळून झबलं सोडवलं. त्यातून उरलंसुरलं कास्टिक खाली कुंडात ओघळलं. पॅकिंग एका बाजूने फाटलं होतं. पत्र्याची आतली बाजू एका ठिकाणी बोटभर रुंद खरवडून निघाल्यासारखी झाली होती. ती जागा कुठल्या दिशेला आहे हे साहेबांनी बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाचा चेहरा बरोबर तिथे आला असता. खोलीतल्या बाटल्यांचा आवाज थांबला होता.

"सगळ्याच लाल होत्या," साहेब म्हणाले. "हीच खरी, हे तुम्ही कशावरून ओळखलंत?"

हरिभाऊ फडक्याला हात पुसत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सगुणाच बोलली, खाली बघत.

"ज्याचं त्यानं पुजायचं असतं, साहेब. माज्या सांध्याला कुंकू कोन लावणार?"

अकराजणींनी आपापले सांधे पुजले होते आणि बारावा तसाच राहिलाय हे त्यांतल्या एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नसतं. साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि झबली उतरवायची नाहीत, उलट बाकीच्या खोल्यांतही बसवायची, असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. हरिभाऊ जिंकले होते. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते कोपऱ्यात बसून नवं पॅकिंग कापत होते.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो. जोंधळा निसवून कणसं वर आली होती आणि त्याच्यावर पिवळं ऊन पडलं होतं. चालता चालता मी विचारलं, "पण हरिभाऊ, दुसऱ्या कुणीतरी तिच्या वतीने लावलं असेल, असं नाही वाटलं तुम्हाला? तुम्ही तर पूजेला नव्हता."

"तिच्या वतीनं लावायला आत तिची आठवण तर पायजे," हरिभाऊ म्हणाले. "ती भायेर होती. हौदाच्या नळावर बसली होती, पूजा सरंपत्तोर."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी बी तितंच होतो." ते रुळांकडे बघत होते. "आत समद्या हसत व्हत्या, ते भायेर ऐकू येत होतं. ती एकलीच बसलेली. म्हटलं, कुणीतरी असावं तितं. पर नुसतं उभं ऱ्हाणं बरं दिसत न्हाई. म्हणून पाना घेतला आन् नळाचा सांधा आवळत बसलो."

"काही बोललात तिच्याशी?"

"ती म्हणाली, झाली वाटतं पूजा. मी म्हटलं, व्हय."

कारखानाभर या माणसाची चेष्टा केली होती आम्ही, मीही केली होती. गाडीची शिट्टी ऐकू आली. हरिभाऊ धोतराचा सोगा सावरून फलाटाच्या कडेला गेले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आणि तो नळ? फार गळत होता का?"

"न्हाई वो," हरिभाऊ म्हणाले. "चांगला होता."